रणांगणावर दिवसा जावं

('वाट वाकडी करून' : वाचकांचे प्रश्न आणि साताऱ्यातल्या एका निवृत्त इतिहास शिक्षिकेची उत्तरं. या वेळची बहुतेक पत्रं रणभूमी आणि तिथल्या भुताखेतांच्या गोष्टींबद्दल आहेत.)

प्रश्न : बाई, आम्ही दोघं सांगलीला विश्रामबागेत राहतो. मुलगी-जावई अमेरिकेत मेरीलँडला असतात. ऑक्टोबरात आम्ही त्यांच्याकडे जातोय आणि त्यांनी दोन दिवस गेटिसबर्गची लढाईची जागा दाखवायचं ठरवलंय. तिथं रात्री कंदील घेऊन भुतांच्या जागा दाखवत फिरवतात म्हणे. चौदा वर्षांच्या नातवानं त्याच फेरीचा हट्ट धरलाय. आमचे हे म्हणतात, जिथं हजारोंनी माणसं मेली तिथं सहलीला काय जायचं? माझे गुडघे दुखतात आणि मनात थोडी धाकधूकही आहे. अशा जागेवरून आल्यावर काही करावं लागतं का? तिथला इतिहास तर आम्हांला काहीच ठाऊक नाही. मग बघायचं तरी काय?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, जरूर जा आणि यजमानांनाही घेऊन जा. त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्यांनाच उत्तर देते. दरवर्षी पावसाळ्यात आपल्याकडची पोरं पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत चिखल तुडवत चालत जातात. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं तिथं पडली हे ठाऊक असतं, म्हणूनच जातात. त्यांना कुणी 'मेलेल्यांच्या जागी कशाला जाता' असं विचारत नाही. गेटिसबर्गही त्याच मनानं बघायचं.

हकिकत थोडक्यात सांगते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलामगिरी टिकवायची होती, म्हणून ती संघराज्यातून फुटली. जून १८६३ मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली फौज घेऊन उत्तरेत, पेनसिल्व्हेनियात शिरला. गेटिसबर्ग तेव्हा जेमतेम २,४०० वस्तीचं गाव होतं, पण चहूकडचे रस्ते तिथं येऊन मिळत. १, २ आणि ३ जुलै असे तीन दिवस लढाई झाली. उत्तरेच्या बाजूला सेनापती जॉर्ज मीड होता. ठार, जखमी, बेपत्ता आणि कैदी असे दोन्हीकडचे मिळून सुमारे ५१,००० धरतात. त्यातले सात-आठ हजार जागेवरच गेले. ली हरला आणि पावसातून परत फिरला. फौजा निघून गेल्यावर त्या एवढ्याशा गावाच्या गळ्यात हजारो जखमी, उघडी प्रेतं आणि मेलेली घोडी पडली. शाळा, चर्च, कॉलेज, कोठारं, सगळ्याचे दवाखाने झाले. भुतांच्या बहुतेक गोष्टी याच इमारतींना चिकटलेल्या आहेत. त्या तशा का चिकटल्या, ते समजायला भुतावर विश्वास असावा लागत नाही.

गुडघ्यांची काळजी सोडा. रणभूमीतून सुमारे २४ मैलांचा गाडीरस्ता आहे आणि बहुतेक महत्त्वाच्या जागी गाडी थेट जाते. एक गोष्ट मात्र मुलीला आताच करायला सांगा. तिथं परीक्षा देऊन परवाना मिळवलेले वाटाडे असतात, १९१५ पासूनची ती पद्धत आहे. त्यांच्यातला एक आधी ठरवून ठेवा. तो तुमच्याच गाडीत बसतो, गाडीही तोच चालवतो आणि विचाराल ते सांगतो. मी भाचीकडे गेले होते तेव्हा आम्हांला एक सत्तरीचे गृहस्थ मिळाले होते. मी म्हटलं, मला सेनापती नकोत, साधे शिपाई दाखवा. त्यावर त्यांनी गाडी वळवली ती थेट ओक रिज नावाच्या टेकाडाकडे.

ते टेकाड तुम्ही बघाच. पेनसिल्व्हेनियाच्या अकराव्या पलटणीचं स्मारक तिथं आहे. वर शिपायाचा पुतळा आहे आणि खाली, पायाशी, ब्राँझची एक कुत्री पडून आहे. सॅली तिचं नाव. पिल्लू असल्यापासून ती पलटणीत वाढली. पहिल्या दिवशी पलटण मागे हटली तेव्हा धावपळीत ती चुकली. काही दिवसांनी सापडली ती याच टेकाडावर, आपल्या मेलेल्या आणि जखमी माणसांपाशी बसलेली. दाण्यापाण्याविना हडकली होती, पण जागा सोडली नव्हती. पुढे फेब्रुवारी १८६५ मध्ये दुसऱ्या एका लढाईत ती गोळी लागून गेली. म्हाताऱ्या झालेल्या शिपायांनी स्मारक उभारलं तेव्हा तिला त्यात जागा दिली. मी गेले तेव्हा तिच्या पुढच्या पायांपाशी कुणीतरी बिस्किटं ठेवली होती. दोन ओली होती, एक ताजं होतं.

आता त्याच जागी उभं राहून समोरच्या उताराकडे बघा. १ जुलैला दुपारी दक्षिणेच्या फौजेतली, नॉर्थ कॅरोलायनाच्या शिपायांची, सेनापती आयव्हरसनची ब्रिगेड त्या शेतातून चालत आली. स्वतः आयव्हरसन बरोबर नव्हता आणि पुढची टेहळणी करायलाही त्यानं कुणाला पाठवलं नव्हतं. दगडी गडग्याआड सॅलीची पलटण आणि तिच्या जोडीच्या पलटणी दबा धरून बसल्या होत्या. अगदी जवळ येईपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही, आणि मग सगळ्या बंदुका एकदम उडाल्या. चौदाशेच्या आत-बाहेर माणसं होती, त्यातली नऊशेच्या आसपास गारद झाली. प्रेतं पडली तीसुद्धा ओळीत, कवायतीला उभी होती तशीच. त्यांना तिथल्या तिथं उथळ चर खणून पुरलं. दहा-एक वर्षांनी दक्षिणेतल्या लोकांनी हाडं उकरून आपल्या मुलखात नेली, पण खड्ड्यांच्या खुणा शेतात बरीच वर्षं दिसत होत्या. अंधार पडल्यावर त्या शेतात काम करायला मजूर राजी नसत. गेटिसबर्गमधली भुताची ही सगळ्यांत जुन्या गोष्टींपैकी एक.

त्या मजुरांना मी वेडं म्हणणार नाही. नांगराला माणसाचं हाड लागल्यावर कुणाचंही काळीज लटपटेल. पण रात्रीच्या फेरीत ही गोष्ट येते ती नुसती 'शेतात सावल्या दिसतात' एवढीच. ती पोरं नॉर्थ कॅरोलायनाची होती, सेनापतीच्या हलगर्जीपणानं मेली, आणि गडग्याच्या अलीकडची पेनसिल्व्हेनियाची होती, हे त्यातून गळून जातं. भुताला गाव नसतं, पलटण नसते, कुणाच्या चुकीनं गेला हेही नसतं. माझा राग भुतावर नाही, या गळतीवर आहे.

डेव्हिल्स डेन नावाच्या मोठमोठ्या धोंड्यांच्या जागेबद्दल सांगतात की तिथं कॅमेरे बंद पडतात. नातवाला तिथली कॅमेऱ्याची खरी गोष्ट सांगा. लढाईनंतर अलेक्झांडर गार्डनर आणि त्याचे सहकारी फोटो काढायला आले. एका मेलेल्या तरुण शिपायाचं प्रेत त्यांनी सुमारे ४० यार्ड उचलून नेलं, दगडांच्या आडोशाला ठेवलं, शेजारी बंदूक टेकवली आणि 'हा लपून नेम धरणारा बंदूकबाज' म्हणून फोटो प्रसिद्ध केला. शंभर वर्षं लोकांनी तो खरा मानला. १९७५ मध्ये विल्यम फ्रासानिटो या अभ्यासकानं फोटोतले दगड जागेवर जाऊन ताडून पाहिले आणि प्रेत हलवल्याचं दाखवून दिलं. तो पोरगा कोण होता, ते त्या फोटोत कुठंच नाही.

तिसऱ्या दिवशीच्या शेवटच्या हल्ल्याचं मैदान वाटाड्या दाखवेलच. सुमारे १२,५०० माणसं मैलभर उघड्या रानातून तोफांच्या तोंडावर चालत गेली आणि निम्मी परत आली नाहीत. तिथंच एक छोटं पांढरं घर आहे, ते चुकवू नका. ते एब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं. लीची फौज वाटेत सापडतील त्या कृष्णवर्णीयांना धरून गुलाम म्हणून दक्षिणेत पाठवत होती, म्हणून ब्रायन बायकापोरांना घेऊन आधीच निघून गेला. परत आला तो गोळ्यांनी चाळण झालेल्या घरात आणि तुडवलेल्या पिकात. त्यानं सरकारकडे भरपाई मागितली, पण हातात फारच थोडं पडलं. लढाई कशासाठी चालली होती, हे त्या दारात उभं राहिलं की कळतं. माझी भाची तिथं बराच वेळ बोललीच नाही.

शेवटी राष्ट्रीय दफनभूमीत जा. अब्राहम लिंकन १९ नोव्हेंबर १८६३ ला तिथं दोन-तीन मिनिटं बोलले, ते जगभर गाजलं. उत्तरेचे साडेतीन हजारांवर शिपाई तिथं आहेत. ज्यांची ओळख पटली त्यांची नावं राज्यवार गोलाकार ओळींत जमिनीलगतच्या दगडांवर कोरली आहेत. बाकीच्यांसाठी संगमरवराचे वीतभर चौकोन आहेत आणि त्यांवर नुसता आकडा. असे जवळपास एक हजार. नातवाला त्यातला एक आकडा वहीत लिहून घ्यायला सांगा.

आता रात्रीची फेरी. रणभूमी सरकारी आहे आणि रात्री बंद असते. त्या फेऱ्या गावातल्या रस्त्यांवरून खासगी लोक काढतात. पहिल्या दिवशी तिकीट काढू नका. एक अख्खा दिवस रणभूमीवर काढल्यावरही पोराला जावंसं वाटलं तर जाऊ द्या, चौदा वर्षांचा आहे, सांगितलेल्यातलं काय खरं आणि काय रचलेलं हे त्याला तोवर ओळखता येईल. जेनी वेड हे नाव मात्र त्याला आधीच सांगून ठेवा, कारण तिच्या घराभोवती भुतांच्या गोष्टींचा बाजार आहे. वीस वर्षांची ही मुलगी ३ जुलैला सकाळी बहिणीच्या स्वयंपाकघरात पावासाठी कणीक मळत होती. दारातून गोळी आली आणि ती तिथंच गेली. बहिणीचं नुकतंच जन्मलेलं बाळ त्याच घरात होतं. गावातली थेट लढाईत मेलेली ती एकटीच.

परत आल्यावर काय करावं, असं विचारलंत. आंघोळ करावीशी वाटली तर करा, दिवा लावावासा वाटला तर लावा. मी लावला होता. भीतीनं लावला नव्हता, इतकं पाहून आल्यावर काहीतरी करावं असं हाताला वाटलं म्हणून लावला.

प्रश्न : बाई, आम्ही साताऱ्यातली कॉलेजची पाच-सहा मुलं आहोत. येत्या अमावस्येला प्रतापगडाच्या पायथ्याच्या जंगलात रात्रभर थांबून व्हिडिओ करायचा विचार आहे. अफजलखानाचं सैन्य जिथं कापलं गेलं तिथं रात्री आवाज येतात, असं एकानं ऐकलंय. परवानगी कुणाची लागते?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : परवानगी विचारलीस हे चांगलं केलंस. जाऊ नका. खानाच्या कबरीच्या परिसरात जायला बंदी आहे, भोवतीचं जंगल वनखात्याचं आहे, आणि हा मुलूख गव्यांचा नि बिबट्यांचा आहे. रात्री अचानक समोर आलेला गवा वाट सोडत नाही. आवाज तर येतीलच. भेकर ओरडलं की कुत्रं आणि माणूस यांच्या मधलं काहीतरी खेकसल्यासारखं वाटतं. रातवा तासन् तास एकच ठेका धरतो. घुबडं असतात, वानरं मध्येच दचकून ओरडतात. तुमच्या कॅमेऱ्यात हे सगळं 'खानाच्या सैन्याचा आक्रोश' म्हणून जाईल आणि लाखभर लोक ते खरं मानतील. नरेंद्र दाभोलकरांच्या गावची पोरं आहात तुम्ही. हे तुमच्या हातून होऊ नये.

प्रतापगडला दिवसा जा आणि लढाई नीट समजून घ्या. १० नोव्हेंबर १६५९ ला खान पडला, तिथवरच आपली गोष्ट थांबते. खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. खानाची छावणी होती खाली कोयनेकाठी, पार गावाच्या अंगाला. गडावरून तोफेची इशारत झाली आणि जावळीच्या रानात दडलेले मावळे चहूबाजूंनी त्या छावणीवर तुटून पडले. गडाच्या बुरुजावरून पारच्या खोऱ्याकडे बघ. दाट झाडी, उभे कडे आणि खाली चिंचोळी सपाटी. हत्ती, उंट, तोफा घेऊन तिथं उतरलेल्या फौजेला वळायला तरी जागा होती का, ते डोळ्यांनी मोज. त्याचा व्हिडिओ कर, मी स्वतः तो सगळ्यांना पाठवीन. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात प्रतापगड आहे. आता परक्या देशातली माणसंही येऊन विचारणार, इथं काय झालं? उत्तर तुम्हांला देता यायला हवं.

सभासदाच्या बखरीतली एक गोष्ट मुद्दाम सांगते. लढाईनंतर महाराजांनी कामी आलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, आणि ज्यांना मूल नव्हतं त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू केलं. म्हणजे कोण मेलं, कुठल्या गावचा होता, मागं कोण आहे, याची नोंद झाली होती. त्या काळी किती फौजांमध्ये अशी चौकशी होत असेल?

आणि रणांगण बघायला तुम्हांला इतक्या लांब जायचीही गरज नाही. अजिंक्यताऱ्यावर रोज पहाटे निम्मं सातारा फिरायला जातं. त्यातल्या किती जणांना मंगळाईचा बुरुज म्हणजे काय ते ठाऊक आहे? डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेब येऊन बसला, छावणी करंज्याला पडली. गडावर प्रयागजी प्रभू किल्लेदार होते. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग ठासले. पहिला उडाला तेव्हा आतली माणसं गाडली गेली. प्रयागजीही ढिगाऱ्याखाली सापडले, पण जिवंत निघाले. दुसरा उडाला तो उलटा. हल्ल्यासाठी खाली दाटीनं उभ्या असलेल्या मोगल सैन्यावरच तट कोसळला आणि सुमारे दोन हजार माणसं एका क्षणात गेली. मोगलांचा इतिहास लिहिणारा खाफीखान पुढचं लिहितो ते वाचून माझी झोप उडाली होती. आपले भाऊ, मुलगे दगडांखालून काढता येईनात आणि त्यांना अग्नी देता येईना, म्हणून बादशहाच्याच पायदळातल्या हिंदू शिपायांनी रात्री तिथल्या लाकडी मोर्च्याला आग लावून दिली. तो मोर्चा कित्येक दिवस धुमसत होता. साताऱ्याच्या माथ्यावर ती चिता जळत होती, आणि जळत होते ते शत्रूच्या बाजूचे, पण कुणाचे तरी भाऊच.

उद्या सकाळी त्या बुरुजावर जा. अमावस्येची वाट बघू नकोस.

प्रश्न : रणभूमीवरचा दगड, गोळी, नाणं आठवण म्हणून आणावं का? भाऊ मेटल डिटेक्टर घेऊन जायचं म्हणतो.
— वाचक, मिरज

उत्तर : मुळीच नाही. गेटिसबर्गला तो सरळ गुन्हा आहे आणि आपल्याकडेही संरक्षित स्मारकातलं काही उचलणं कायद्यात बसत नाही. गोळी जिथं पडली तिथंच असेल तरच कोण कुठून लढलं हे अभ्यासकाला सांगता येतं. घरातल्या शोकेसमध्ये ती नुसतं शिसं असते.

प्रश्न : नमस्कार ताई. मी मूळचा विट्याजवळचा. आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा, अंबाल्याला दुकान आहे. गावाकडे येता-जाता पानिपतावरूनच गाडी जाते, पण उतरलो कधीच नाही. आमच्या घरातला एक पूर्वज पानिपतात गेला असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. आजी असेपर्यंत संक्रांतीला आमच्याकडे गोडधोड होत नसे. यंदा काळ्या आंब्याला जाऊन यावं असं मनात आहे. दुकानातली तिकडची पोरं म्हणतात, दिवेलागणीनंतर तिकडे फिरकू नका. बायको घाबरते. काय करावं?
— एक गलाईवाला, अंबाला (मूळ जि. सांगली)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अवश्य जा. दिवेलागणीनंतर उघड्या रानात जायचं कारणच काय? सकाळी जा.

काळ्या आंब्याची आख्यायिका अशी, की तिथं इतकं रक्त सांडलं की झाडच काळं पडलं. दाट पालवीचा जुना आंबा लांबून काळाच दिसतो. त्याचा रंग रक्तानं बदलत नाही. पण लोकांनी ती गोष्ट धरून ठेवली, कारण १४ जानेवारी १७६१ ला त्या रानात जे झालं ते मोजायला दुसरं माप त्यांच्याकडे नव्हतं. ते झाड आता नाही. त्याच्या लाकडाचे म्हणून जपलेले दरवाजे पानिपतच्या संग्रहालयात आहेत, ते आधी बघा. आंब्याच्या जागी कुंपणात एक स्तंभ आहे. पहिल्या भेटीत कुणाकुणाला वाटतं, एवढंच? म्हणून जाताना हकिकत डोक्यात घेऊन जा.

नोव्हेंबर १७६० पासून दोन महिन्यांवर आपली फौज पानिपतात अडकून पडली होती. अब्दालीनं दक्षिणेची वाट अडवल्यामुळे रसद तुटली होती. फौजेबरोबर बायका होत्या, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं सेनापती सदाशिवरावभाऊंना, म्हणजे भाऊसाहेबांना, सांगून माणसं १४ जानेवारीच्या सकाळी बाहेर पडली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी दुपारपर्यंत चांगलं चाललं होतं. मग पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर ते. भाऊसाहेब गर्दीत घुसले आणि संध्याकाळपर्यंत सगळा खेळ आटोपला. जे निसटले त्यांना सूरजमल जाटानं आसरा दिला, अन्नवस्त्र दिलं.

तुमच्या पूर्वजाबद्दल एक सांगते. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत सावकारी भाषेतलं एक पत्र पडलं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार. तुमच्या घरातला तो गणती नसलेल्यांत होता. तुमच्या आजीनं संक्रांतीचं गोड वर्ज्य करून त्याची गणती आपल्या घरापुरती चालू ठेवली. ही गोष्ट लहान नाही. बायकोला हेच सांगा. ती ज्याला घाबरते तो तुमच्याच घरातला आहे.

भाऊसाहेबांच्या मरणाची खात्री त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंना कधीच पटली नाही. त्या हयात असेपर्यंत सुवासिनीसारख्याच राहिल्या. मीच सदाशिवराव, असं सांगणारा तोतया पुढे उभा राहिला, त्यानं माणसं आणि गडसुद्धा मिळवले. १७७६ मध्ये पुण्यात चौकशी होऊन त्याला देहान्त शिक्षा झाली. मेलेला माणूस नीट ओळखून, नाव घेऊन निरोप देता आला नाही की काय होतं, ते या एका प्रकरणात सगळं आहे. पानिपतावर भुताच्या गोष्टी आहेत याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

तेव्हा जायच्या आधी एक काम करा. तुमच्या पूर्वजाचं नाव शोधा. सुगी झाल्यावर आपल्याकडे हेळवी येतात. त्यांच्या वहीत कितीतरी घराण्यांची वंशावळ असते. यंदा तुमच्या गावात हेळवी येईल तेव्हा भावकीतल्या कुणाला तरी घरी थांबायला सांगा आणि त्या पिढीतली नावं वाचून घ्या. 'पानिपतात गेला' अशी नोंद मिळेलच असं नाही, पण त्या काळातला ज्याचा वंश पुढे एकाएकी थांबतो असा माणूस निघाला तर त्याच्याबद्दल थोरल्यांना विचारा. गावात जुनं पाटील-कुलकर्णी दप्तर कुणाकडे असेल तर तेही बघा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात कागद आहेत, पण तिथं जाताना निदान गावाचं आणि आडनावाचं जुनं रूप हाताशी हवं.

नाव मिळालं तर ते तिथं मोठ्यानं घ्या. नाही मिळालं तर गावाचं नाव घ्या. आसपासच्या जिल्ह्यांत स्वतःला मराठ्यांचे वंशज मानणारा रोड समाज आहे. कुणी भेटलं तर बोला, तुम्हांला तिकडची बोली येतेच. १४ जानेवारीला शौर्यदिनाचा मोठा कार्यक्रम असतो आणि महाराष्ट्रातून गाड्या भरून माणसं येतात. पोवाडे ऐकायचे असतील तर त्या दिवशी जा. निवांत उभं राहायचं असेल तर त्यानंतरचा आठवडा धरा, आणि जानेवारीत तिकडे धुकं फार असतं, म्हणून गाडी अकराच्या आधी हायवेवरून आत वळवू नका.